तीन गावांची पेटी

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पानोपानी होणार, त्याची आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही तीर्थपुरीच्या शाळेत. तिथं व्याकरणाच्या पुस्तकाचा फक्त शेवटचा तिसरा हिस्सा होता. त्यात विरामचिन्हं होती. म्हणून पूर्णविराम आणि स्वल्पविराम मला बरे येतात. ऱ्हस्व-दीर्घ टेंभुर्णीला होते.

हे असं का, ते सांगायचं तर आधी बदनापूरच्या मास्तरांचं सांगायला हवं.

मास्तर दोन्ही हात कानांवर ठेवून उभे राहत. कुणी काही सांगायला तोंड उघडलं की पहिलं हेच. “थांबा! मी अजून तिथवर आलो न्हाई.” गोष्टीचा शेवट असो, कोर्टाचा निकाल असो, की कुणाच्या सुनेला काय झालं ते असो. एकदा माझ्या सासूबाई धावत सांगायला गेल्या, “मास्तर, तुमची म्हैस सुटली!” मास्तरांनी कान झाकले. म्हैस स्टेशनापर्यंत जाऊन आली, मग त्यांनी हात खाली घेतले.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. पण त्याच्या या सवयीला माझे वडील कारण झाले असतील, असं वाटत नाही. मास्तरांच्या सवयीला ते झाले.

झालं असं. जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, कापसाचे एक मोठे अडते होते. मरताना त्यांनी मराठी पुस्तकांची एक पेटी तीन गावांच्या शाळांना मिळून दिली. बदनापूर, टेंभुर्णी आणि तीर्थपुरी, या तिन्ही गावांचा कापूस त्यांच्याकडे यायचा. त्या वेळी संस्थानाचा कारभार उर्दूत, म्हणून मराठी पुस्तक म्हणजे पाहुण्यासारखं. कधीतरी यायचं आणि सगळे भोवती बसायचे. तिन्ही गावांची माणसं मोंढ्यातल्या ओट्यावर जमली. आमच्या तीर्थपुरीकडून माझे वडील गेले होते. बदनापूरकडून मास्तर.

मास्तर म्हणाले, “वाटू नका, फिरवा. जे एका शाळेत हाय ते तिन्ही शाळांचं. ज्याला जे पाहिजे ते त्यानं मागवावं, वाचावं, परत धाडावं.”

टेंभुर्णीचे पाटील म्हणाले, “अन् चांगली पुस्तकं तुमच्यापाशी अडकली तर? आम्ही काय पंचांग वाचत बसावं?”

तेव्हा माझे वडील बोलले. ते आमच्याकडे भावाभावांच्या वाटण्या करायला जायचे. गावात त्यांच्या शब्दाला मान होता. ते म्हणाले, “वाटणीत काळी जमीन एकाला अन् मुरमाड दुसऱ्याला देतो का आपण? न्हाई. हरएक वावराचे तीन तुकडे पाडतो. कुणाला रडायला जागा राहत न्हाई. मंग पुस्तकांचंही तसंच करा.”

“पुस्तक म्हणजे वावर न्हाई हो,” मास्तर म्हणाले.

“मंग काय हाय?”

मास्तर सांगायला गेले, पण एवढ्यात सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. नाही म्हणावं तर अडत्यांचा मुलगा पेटी रद्दीवाल्याला द्यायला टपलेला. शेवटी जोडे शिवणाऱ्या एका कारागिराला रापी घेऊन बोलावलं आणि त्यानं एकेका पुस्तकाचे तीन तुकडे केले. वडील सांगायचे, पहिल्या पुस्तकावर रापी पडली तेव्हा मास्तरांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. ते तसेच राहिले.

सुरुवाती बदनापूरला गेल्या, कारण औरंगाबादेकडून येणारी गाडी आधी तिथं थांबते. मधले भाग टेंभुर्णीला आणि शेवट आम्हाला.

पुढं सगळं मास्तरांच्या म्हणण्याप्रमाणे फिरायचं ठरलं होतं. पण एका गावाचा दुसऱ्या गावावर विश्वास नव्हता. जो भाग मागवेल त्यानं आधी एक हाली रुपया, म्हणजे संस्थानाचं नाणं, अनामत ठेवायचा, असा नियम झाला. पहिला रुपया कुणी काढायचा, यावरून सगळं अडलं आणि कितीतरी वर्षं अडूनच राहिलं.

त्या वर्षांत मी तीर्थपुरीला शिकले. गणिताच्या पुस्तकाचा शेवटचा हिस्सा आमच्याकडे, म्हणजे नुसती उत्तरं. ती आम्हाला पाठ होती. तपासणीला साहेब आले, त्यांनी एका मुलीला उभं करून विचारलं, “एका हौदाला दोन तोट्या...” तिनं पुढचं ऐकलंच नाही. “सव्वातीन तास!” साहेब खूष झाले. त्यांनी पुढची मुलगी उभी केली. तीही म्हणाली, “सव्वातीन तास!” तिला अजून काही विचारलंच नव्हतं.

आमच्याकडे एका कादंबरीचाही शेवट होता. मी तो इतक्या वेळा वाचला की झोपेतही म्हणून दाखवला असता. त्यात चंद्रा नावाची मुलगी आपल्या मामाच्या तोंडावर दार लावून घेते. मामा बाहेर बसून राहतो. मामानं काय केलं होतं, ते आम्हाला माहीत नव्हतं. पण दार लावलं म्हणजे काहीतरी केलंच असणार. तीर्थपुरीत कुणी वाईट वागलं की “मामा झाला” म्हणायचे.

लग्न होऊन मी बदनापूरला आले. शाळेची भिंत आमच्या परसाला लागून. पहिल्याच आठवड्यात मास्तर मुलांना वाचून दाखवताना ऐकू आलं. जत्रेत चंद्रा हरवते आणि तिचा मामा अन्नपाणी सोडून रानोमाळ तिला शोधत फिरतो. मुलं हुंदके देत होती. आमच्या सासूबाई भिंतीला कान लावून पदरानं डोळे पुसत होत्या. “मामा असावा तर असा गं,” त्या म्हणाल्या.

माझ्या तोंडून निघून गेलं, “तो चांगला नाही.”

मी कुणापुढं बोलत नसे. सासूबाईंनी वळून पाहिलं. “तुला गं काय ठाऊक?”

“शेवट आमच्याकडं आहे.”

सासूबाई तडक शाळेत गेल्या. “मास्तर, आमच्या सूनबाईला शेवट ठाऊक हाय!” मास्तरांचे हात कानांवर गेले ते संध्याकाळी जेवताना उतरले.

दुसऱ्या दिवशी ते आमच्या दाराशी आले. मी दाराआड होते. ते आत न पाहता, चौकटीशी बोलल्यासारखे म्हणाले, “सूनबाई, एक शब्द सांगू नका. पण शेवट हाय ना? फाटलेला न्हाई ना?”

“नाही,” मी म्हणाले.

“मंग बास.” आणि ते केवढे तरी हसले. शेवट आहे, एवढ्यानंच त्यांचं पोट भरलं होतं.

त्यांना शेवट नको होता. रांगेनं हवा होता. आणि मला मधलं हवं होतं. मामा असा कसा बदलला, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. आईनं पाठवणीच्या वेळी माझ्या मुठीत एक हाली रुपया ठेवला होता. तो मी सासूबाईंच्या हाती शाळेत पाठवला, पहिली अनामत म्हणून.

मास्तर पुन्हा चौकटीशी आले. “हा रुपया शाळेचा न्हाई, तुमचा. पेटी ज्या दिवशी एका जागी पुरी होईल, त्या दिवशी हा पुरा परत.”

तुम्ही म्हणाल, एका रुपयात काय होतं. मास्तरांनी तो टेंभुर्णीला धाडला, तिथून मधले भाग आले. टेंभुर्णीनं तोच रुपया तीर्थपुरीला धाडून शेवट मागवले. तीर्थपुरीनं तोच बदनापूरला धाडून सुरुवाती मागवल्या. म्हणजे तो परत मास्तरांकडे आला आणि पुन्हा निघाला. तिन्ही गावांचं वाचनालय त्या एका रुपयावर चालत होतं. जालन्याच्या बाजाराच्या दिवशी कापसाच्या आणि ज्वारीच्या गाड्यांतून पुस्तकांची पोती यायची आणि रुपया एखाद्याच्या कनवटीला. एकदा टेंभुर्णीच्या गाडीवानानं त्यातून चहा-भजी घेतली, तर तिन्ही गावांचं वाचन थांबलं. त्यानं सुट्टे जमवून तोच रुपया हॉटेलवाल्याकडून परत आणला. दुसरा चालला नसता का? चालला असता, पण कुणाचा तेवढा विश्वास बसला नसता.

पुस्तकं फिरू लागली. गुरांच्या औषधांच्या पुस्तकात आजार आमच्याकडे होते आणि औषधं माहेरी. ती एकत्र आल्यावर पाटलांचा बैल वाचला. ती कादंबरी तेवढी जमेना. मास्तर दरवेळी मधला भाग मागवायचे आणि टेंभुर्णीहून निरोप यायचा, “वाचायला गेला हाय.”

कुणाकडे, तर पाटलांच्या आईकडे. म्हातारीला वाचता येत नव्हतं. ती नातसुनेकडून वाचून घ्यायची आणि संपलं की पुन्हा पहिल्यापासून. मास्तर एकदा स्वतः टेंभुर्णीला गेले. म्हाताऱ्या बाईंना हात जोडून म्हणाले, “आईसाहेब, तुम्हाला सुरुवात देतो, शेवट देतो. मधलं तेवढं द्या.”

म्हातारी म्हणाली, “मला काय करायचं बाबा सुरुवातीला अन् शेवटाला? ते तर समद्यांना असतंच की.”

मास्तर रिकाम्या हातानं आले. पण चिडले नव्हते. म्हणाले, “तिचं बराबर हाय.”

दरम्यान मोंढ्यात दोन गावांची जुंपली. आमच्या बदनापूरच्या एकानं मामाला देवमाणूस म्हटलं, तर तीर्थपुरीचा गाडीवान उखडला. “देवमाणूस? त्या हरामखोराच्या तोंडावर पोरीनं दार लावलं!” “तुमच्या गावच्या पोरींना वळणच न्हाई, त्यात मामाचा काय गुन्हा?” हात उगारेपर्यंत गोष्ट गेली. टेंभुर्णीची माणसं तेवढी शेजारी बसून शेंगा सोलत गालात हसत होती. मास्तर मध्ये पडायला गेले, पण दोन्ही हात कानांवर. मग नुसतं डोक्यानंच ढकलून त्यांनी दोघांना वेगळं केलं.

वर्षं गेली. मास्तरांची नोकरी संपली, पण पेटी त्यांच्याकडेच राहिली. आणि त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. आधी ते पुस्तक नाकाशी धरायचे, मग दिव्याशी, मग नुसतंच धरायचे. एकदा सासूबाई म्हणाल्या, “मास्तर, आता तरी सूनबाईकडून शेवट ऐकून घ्या. डोळे काय वाट पाहून राह्यले?” मास्तरांचे हात वर गेले, पण सावकाश गेले. “अजून तिथवर आलो न्हाई, काकू.” त्यात पूर्वीचा जोर नव्हता. मला दाराआडून ते सोसवलं नाही.

मग संस्थान गेलं त्या गडबडीचं वर्ष आलं. रस्ते बंद झाले. बाजार बसेना, गाड्या हलेनात, रुपया तीर्थपुरीला अडकला. रोज काहीतरी वाईट बातमी यायची. त्या दिवसांत कान झाकणाऱ्या मास्तरांना कुणी हसलं नाही.

रस्ते मोकळे झाले आणि पहिल्याच गाडीनं टेंभुर्णीहून एक पुडकं आलं. रुपया न घेता पाठवलेलं. म्हातारीचा निरोप होता, “मला आता पाठ झालं.”

मास्तर पुडकं घेऊन आमच्या ओट्यावर आले. ते चाचपडत होते. पानं उघडली, बोटं फिरवली, आणि तसेच बसून राहिले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात कधी बाहेरच्या माणसापुढं मोठ्यानं वाचलं नव्हतं. मी दार ओढून घेतलं, पुस्तक आत घेतलं आणि दाराआडून वाचायला लागले. माझा आवाज मलाच ऐकू येईना.

“अगं मोठ्यानं वाच,” सासूबाई ओरडल्या, “मलाही मामाचं कळू दे!”

तीन दुपारी लागल्या. मामाला चंद्रा फार लवकर सापडते. पण तो कुणाला सांगत नाही. कारण भाचीला शोधणारा मामा म्हणून गावोगावी त्याला पाटावर बसवतात, दूध-भाकरी देतात, रडतात. सापडली म्हटलं की हे सगळं संपणार. म्हणून तो शोधतच राहतो, आणि पोर दुसऱ्याच्या घरी भांडी घासते.

मग मास्तर हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. “म्हणजे दोन्ही गावं बराबर होती हो! शोधतही होता, अन् हरामखोरही होता!”

शेवट तीर्थपुरीला होता. मास्तर उठायला लागले. मी आतून म्हणाले, “मला पाठ आहे.”

त्यांचे हात सवयीनं कानांपर्यंत गेले. तिथंच थांबले. मग त्यांनी ते खाली आणून मांडीवर ठेवले.

“आता आलो तिथवर,” ते म्हणाले. “सांगा, सूनबाई.”

मी सांगितलं. चंद्रा कडी लावते. मामा रात्रभर बाहेर बसतो. पहाटे दाराखालून एक ताटली सरकत बाहेर येते. तिच्यात भाकरी असते.

“दार उघडत न्हाई?”

“नाही.”

“बराबर केलं.” मग म्हणाले, “पण ताटली सरकवली ना?”

“सरकवली.”

“तेबी बराबर केलं.”

ते तसेच बसून होते. जेवणवेळ होऊन गेली होती. मी ताटात भाकरी आणि पिठलं वाढलं, दार थोडं उघडून ओट्यावर सरकवलं. मास्तरांनी चाचपून ताट ओळखलं आणि इतके खूष झाले, की जणू गोष्ट त्यांच्यावरच लिहिली होती.

त्या थंडीत मास्तर गेले. कुणीतरी मला सांगायला आलं, तर माझे हात कानांवर गेले.

तेरावं झाल्यावर माझे वडील तीर्थपुरीहून बैलगाडीनं आले. पोत्यात सगळे शेवट घेऊन. मास्तरांनी जाण्याआधी तसा निरोप धाडला होता. टेंभुर्णीची पोती आधीच येऊन पडली होती. वडील ओट्यावर बसले आणि शाळेच्या भिंतीकडे पाहत राहिले. “मला वाटलं वावरासारखंच असंल,” ते म्हणाले. मग जाड सुई आणि मेणाचा दोरा मागून घेतला आणि दोन दिवस बसून एकेक पुस्तक शिवलं. सुरुवात, मधलं, शेवट. पोत्याला घालतात तसे टाके पडले, पण पुस्तकं पुरी झाली. पेटीचं झाकण मात्र आता लागेना. टाक्यांनी पुस्तकं फुगली होती.

निघताना वडिलांनी कनवटीचा रुपया काढून माझ्या हातावर ठेवला. तीन गावांत इतकी वर्षं फिरून त्याच्यावरचा चारमिनार झिजून गुळगुळीत झाला होता.

“घे,” ते म्हणाले. “पुरा हाय.”