दारातला लाल झेंडा

शनिवार पेठेतल्या दुकानदाराने मारुतीचा लाल झेंडा कागदात गुंडाळला, तसा कोऱ्या कापडाचा वास आला आणि मला एकदम सुनीता आठवली.

पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत ती हॉलंडहून आली होती. तिचे पणजोबा बिहारमधून सुरिनामला उसाच्या मळ्यांवर गेलेले, आईवडील पुढे हॉलंडला. भारत ती पहिल्यांदाच बघत होती. मी तिला घरी जेवायला आणलं, तर ती दारातच थांबून इकडेतिकडे बघायला लागली.

"झेंडा कुठाय?" तिने इंग्रजीत विचारलं. त्यांच्याकडे मारुतीची पूजा झाली की अंगणात उंच बांबूला लाल झेंडा लावतात म्हणे. "नाहीतर तुम्ही हिंदू आहात हे लोकांना कळतं कसं?"

मी सासूबाईंना मराठीत सांगितलं. वरणावर तूप वाढता वाढता त्या म्हणाल्या, "तिला म्हणावं, दारावर आडनावाची पाटी आहे. तेवढ्यात लोकांना सगळं कळतं. नको तेसुद्धा."

मी खूप हसले होते आणि हसतहसतच तिला ते इंग्रजीत सांगितलं होतं. सुनीता हसली नाही. जेवणभर ती उघड्या दारावरच्या त्या पाटीकडेच बघत होती.

आता माझा मुलगा हॉलंडमध्ये आहे. हा झेंडा त्यानेच मागवलाय, दारात लावायला.

"अरे, इथे तर तू आरतीलाही उठायचा नाहीस!" मी फोनवर म्हटलं.

"तिथे कुठे गरज होती, आई?"

झेंडा मारुतीसाठी हवाय की शेजाऱ्यांसाठी, हे मात्र मी विचारलं नाही. सुनीतालाही नव्हतं विचारलं.