खंडेनवमीला मांडलेला टीव्ही गेम

माझा मुलगा शाळेत होता तेव्हा घरात रंगीत टीव्हीला जोडायचा गेम आला. नंतर संगणकावरचे आले, मग फोनवरचे. प्रत्येक नवा गेम आला की तो मला म्हणे, "आई, एकदा तरी खेळून बघ." मी कधी हात लावला नाही. आईला हे जमत नाही, असं त्याला वाटत राहिलं. मला जमत होतं. रणगाड्याच्या खेळात एके काळी मांडवीतली मुलं माझ्यापुढे टिकत नसत.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. मी दहावीत होते. वडील लहानपणीच गेले होते. आई एका बागायतदाराकडे कामाला जाई. उन्हाळ्यात कोकम फोडून आमसुलं वाळवायची, बाकीचे महिने पडेल ते काम. रत्नागिरीत मांडवीजवळ, समुद्राला लागून, दोन खोल्या भाड्यानं घेऊन आम्ही राहत होतो. माझा मोठा भाऊ, दादा, मुंबईच्या एका उपनगरात दगडाची पावडर करणाऱ्या कारखान्यात होता. चार वर्षांनी तो खोकत परत आला. जिना चढताना मध्येच बसायचा. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाकडे धरून बघितला आणि म्हणाले, "धुळीत परत गेलास तर मला दाखवायला येऊ नकोस."

म्हणजे रत्नागिरीतच राहायचं, आणि बसून करायचं काम शोधायचं. दादानं ते आधीच शोधून आणलं होतं. त्याच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळलेला एक काळा डबा होता. कारखान्यातल्या एकाचा भाऊ आखाती देशातून आला होता, त्याच्याकडून त्यानं कारखान्याचा हिशेब मिळाल्यावर तो घेतला होता. सोबत हातात धरून खेळायच्या दोन दांड्या आणि चार कॅसेट. कॅसेट म्हणजे गाण्याची नव्हे. हातात मावेल असा प्लास्टिकचा जाड तुकडा, डब्याच्या खाचेत बसवायचा. एकीत रणगाडे, एकीत विमान, एकीत दोन काठ्या आणि त्यांच्यामध्ये उडणारा चेंडू, आणि चौथीत शिड्या चढून जाणारा एक माणूस. त्याआधी मी असला खेळ एकदाच पाहिला होता, जत्रेत, कपाटाएवढ्या पेटीत, आणि तोही बाकीच्यांच्या खांद्यांमधून.

जुना काळा-पांढरा टीव्ही आणून दादानं पुढच्या खोलीत दुकान मांडलं. दहा मिनिटांना एक रुपया. वेळ मोजायला गजराचं घड्याळ. शाळा सुटली की दारात चपलांचा ढीग पडे. मुलं येत, मासळीच्या होड्यांवरचे तरुण येत, बँकेतले एक कारकून तर ऑफिसातून परस्पर येऊन मुलांच्या रांगेत उभे राहत.

"अरे, रणगाडा आहे तो, बैलगाडी नाय! वळव की!"

"काका, तुम्ही बँकेत पण असंच हळूहळू करता काय हो?"

"दादा, एक मिनिट फक्त. देवाशपथ शेवटचा डाव."

"देवाला मध्ये आणू नको," दादा म्हणायचा. "तो काय माझ्याकडे रुपया घेऊन येत नाय."

तो खुर्चीत बसलेला असायचा, घड्याळ मांडीवर. खोकला होता, पण कमी झाला होता. चेहऱ्यावर मांस आलं. आई शेजारणीला सांगे, "आमचा आता इथंच राहणार." माझ्या लग्नाचा विषय निघाला की दादा एका वाक्यात संपवायचा, "ती शिकणार आहे." आमच्या घरात त्याआधी कुणी दहावीपर्यंत पोचलं नव्हतं.

खंडेनवमीच्या दिवशी दादा झेंडूची फुलं आणायला बाजारात गेला होता. मी पाटीवर सरस्वती काढून माझी पुस्तकं मांडत होते. आईनं कोयता आणि विळी धुऊन पाटावर ठेवली आणि पुढच्या खोलीकडे हात केला.

"आणि त्याचं काय गो? तुझी पुस्तकं देवापुढे, माझा कोयता देवापुढे. त्याची हत्यारं नकोत?"

"आई, ते विजेचं आहे. पाणी लागलं तर बिघडेल."

"मग पाणी नको लावू. पण मळकं तसंच ठेवशील काय?"

मी डबा कोरड्या फडक्यानं पुसला. पाणी लावायचं नाही हे आपल्याला कळतं, याचा मला अभिमान वाटत होता. मग कॅसेटी घेतल्या. त्यांच्या तोंडाशी पिवळ्या पट्ट्यांची रांग होती. घासून घासून त्या काळपट पडल्या होत्या. देवाची पितळी भांडी घासणं हे माझंच काम होतं. आमसूल आणि मीठ लावून चोळलं की काळी समई सोन्यासारखी निघते, हे आमच्याकडे प्रत्येक मुलीला ठाऊक असतं. शिवाय त्याच महिन्यात आमच्या विज्ञानाच्या बाईंनी शिकवलं होतं की धातूवरचा काळा थर आम्लात विरघळतो. मी आईला ते समजावूनही सांगितलं. ती म्हणाली, "बघ, शाळेत पण हेच सांगतात." मी चारही कॅसेटींच्या पट्ट्या आमसूल-मिठानं चोळल्या, ओल्या फडक्यानं पुसल्या आणि उन्हात वाळवल्या. माझ्या शिक्षणाचा घरात झालेला तो पहिला उपयोग.

दादा फुलं घेऊन आला. पाटावर डबा, दोन्ही बाजूंना दांड्या, पुढे चार कॅसेटी, प्रत्येकीवर कुंकवाचं बोट. तो हसला, चप्पल काढून त्यानं हात जोडले. "वा, बाय. दुकान एकदम लख्ख केलंस."

दसऱ्याला गर्दी झाली. सगळं नीट चाललं. आठवडाभरानं रणगाड्यांच्या चित्रात आडव्या रेघा यायला लागल्या. दादा कॅसेट काढायचा, तिच्या तोंडात फुंकर मारायचा, परत बसवायचा. थोडा वेळ चाले. मग दुसरी बंद पडली. तो पुन्हा पुन्हा काढून बसवत राहिला. फुंकर मारताना त्याला धाप लागे, म्हणून मुलं म्हणत, "द्या दादा, आम्ही मारतो." एका दुपारी मी शिडीची कॅसेट उजेडात धरून पाहिली. पट्ट्यांवर हिरवट पूड धरली होती. न धुतलेल्या तांब्याच्या भांड्यावर धरते, तशीच.

दिवाळीपर्यंत पडद्यावर नुसत्या मुंग्या उरल्या. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं डबा उघडला, आतली खाच बघितली. "खाल्लंय सगळं," तो म्हणाला. "खारा वारा. समुद्राच्या इतक्या जवळ ही नाजूक वस्तू टिकायची नाय." तसा सुटा भाग इथं मिळत नव्हता. मुंबईलाही विचारून झालं. दादा डबा पिशवीत घालून घरी आला आणि त्या दिवशी जेवला नाही.

मी आईला गाठलं. ती खोबरं किसत होती.

"आई, खाऱ्या वाऱ्यानं नाही झालं. आमसुलानं झालं. मिठानं. कॅसेटींवरचं डब्यात उतरलं."

तिनं किसणं थांबवलं नाही. "कुणाला बोललीस?"

"नाही."

"मग बोलू नको. त्याला काय उपयोग आता?"

मी बोलले नाही. आईनं सांगितलं म्हणून, असं पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मला बोलायचंच नव्हतं. दादा मला हुशार समजत होता.

त्यानं काही महिने इकडेतिकडे केलं. आंब्याच्या पेट्या भरायला गेला, तर पेंढ्याच्या भुशानं खोकला उसळला. शेवटी मुंबईहून निरोप आला की कारखान्यात यावेळी बाहेर, पॅकिंगच्या कामाला घेतील. एस.टी.त बसताना तो म्हणाला, "पॅकिंगलाच आहे गो. धूळ नाय तिथं." दोन महिने त्याला पॅकिंगला ठेवलं. नंतर माणसं कमी पडली म्हणून आत घेतलं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

त्याच्या मनिऑर्डरीवर मी अकरावी-बारावी केली आणि बी.एस्सी.ला गेले. फॉर्मवर पालकाची सही म्हणून मी त्याचं नाव लिहीत असे.

मी दुसऱ्या वर्षाला असताना तो परत आला, तेव्हा त्याला दोन माणसांनी गाडीतून उतरवलं. पुढच्या खोलीत, जिथं टीव्ही होता तिथंच, त्याची खाट टाकली. पडून झोपता येत नसे. उशा रचून बसलेलाच असायचा. त्याच दिवसांत एका सकाळी त्यानं मला जवळ बोलावलं.

"तू सायन्सला आहेस. मला नीट सांग. खाऱ्या हवेनं खरंच इतकं खराब होतं?"

तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत संशय नव्हता. विद्यार्थी शिक्षकाकडे बघतो तसा तो बघत होता.

"होतं," मी म्हटलं.

"आणि समुद्रापासून लांब असलं तर?"

"मग नाही होणार."

त्यानं मान हलवली, दम घेतला. "मग पोफळीला मांडू, घाटाच्या पायथ्याशी. आपल्या गावचा एकजण तिथं वसाहतीत वॉचमन आहे. वीजघराची वसाहत, म्हणजे लाईट जायचा प्रश्न नाय. साहेबांची पोरं, कामगारांची पोरं. आता तर नवीन गेम आलेत म्हणे, एका कॅसेटमध्ये पन्नास-पन्नास. मांडवीला मांडला हीच चूक झाली बघ माझी."

"तुझी चूक नाही, दादा."

"माझीच. वाऱ्याचा विचार करायला नको होता काय आधी?"

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण तो बऱ्याच दिवसांनी इतकं बोलला होता, आणि त्याचा सगळा बेत त्या खाऱ्या वाऱ्यावर उभा होता. मी कागद आणला. त्यानं सांगितलं तसं वॉचमनला पत्र लिहिलं: एक खोली हवी, रस्त्याकडे दार असलेली, लहान चालेल. पत्र पेटीत टाकून आले. त्यानंतर तो रोज दुपारी पोस्टमनची चौकशी करायचा.

पत्र टाकल्याच्या अकराव्या दिवशी तो गेला. बसल्या बसल्याच.

उत्तर पुढच्या आठवड्यात आलं. आईला वाचता येत नव्हतं. ती भिंतीला टेकून बसली होती, म्हणाली, "वाच." मी वाचलं. खोली मिळते आहे, दार रस्त्याकडे आहे, मालक भला माणूस आहे, एक महिना भाडंही घेणार नाही. कधी येता ते कळवा, म्हणजे झाडून ठेवतो.

आईनं हात पुढे करून पत्र घेतलं, त्याची घडी घातली. मग म्हणाली, "त्याला उत्तर लिही. खोली अडकवून ठेवेल बिचारा."

"काय लिहू?"

"लिही, नको म्हणून."

मी पोस्टकार्ड घेऊन लिहायला बसले. खोली का नको, ते लिहावं लागणार होतं. मी दादा गेल्याचं लिहिलं, एका ओळीत. कशानं गेला, ते लिहायला कार्डावर पुष्कळ जागा होती. ती मी तशीच कोरी सोडली.