आईची पांढरी काकडी

"तुमच्या माशा बांधून ठेवा भाऊ! माह्या मांडवावर काऊन धाडून राह्यले?"

बाईचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, आवाज असा की त्या दिवशी वैनगंगेपलीकडच्या म्हशी भर दुपारी घरी परतल्या. कुंपणापलीकडे शेजारचे भाऊ बनियनवर उभे होते. म्हणाले, "बाई, मधमाशीले दावं कसं लावू? गाठ तुमीच शिकवा."

भांडण काकडीचं होतं. आमच्या आईची काकडी पांढरी. इतकी पांढरी, की बगळे मांडवावर उतरून सोयरिक विचारत. ती मोडल्याचा कडाका ऐकून गडचिरोलीची बस फाट्यावर थांबे आणि कंडक्टर एक फोड खाल्ल्याशिवाय घंटी देत नसे. आई गेली त्या पावसाळ्यातही तिचे वेल फळलेले होते. बाईनं त्यातली सगळ्यात मोठी काकडी वेलावरच पिकू दिली, बी राखेत घोळलं, शेणात कालवलं आणि आई थापायची तसंच चुलीमागच्या भिंतीला थापलं. पुढच्या वर्षी तेच लावलं, तर मांडवभर हिरव्यागार काकड्या लोंबू लागल्या. पोपटांना आपलीच पोरं वाटावीत अशा.

भाऊंनी आदल्या वर्षी चंद्रपूरच्या बाजारातून हिरव्या काकडीचं बियाणं आणून कुंपणालगत लावलं होतं, हे आता सगळ्यांना आठवलं.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. मी सांगितलं, "बाई, मागच्या वर्षी फळ पांढरंच होतं, कारण साल आईच्या वेलाची. पण आतलं बी भाऊच्या फुलाच्या परागानं धरलं. ही भेसळ सालीवर दिसत नाही, बियात लपून बसते."

"मंग आईचा रंग गेला?"

हे मात्र तिनं हळू विचारलं. भाऊसुद्धा कुंपणावरून खाली बघू लागले.

"गेला नाही. हिरवा सोबत असला की पांढरा तोंड उघडत नाही, इतकंच. यातल्याच एका काकडीचं बी धर. पुढच्या खेपेला चार वेलांमागे एखादा पांढरा निघेल. पण रंगाचं सांगतो हं, चवीचं नाही. चव एवढी सरळ चालत नाही."

शेवटचं वाक्य तिनं ऐकलं की नाही, देव जाणे. आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या घेऊन ती कामाला लागली होती. माशीनं शिवू नये म्हणून उद्या उमलणारी मादी फुलं आज बांधायची, सकाळी आपल्याच वेलाचं नर फूल त्यांच्यावर टेकवायचं, पुन्हा बांधायचं. मांडव असा दिसू लागला, की वेलांची दाढ दुखतेय समजून अर्धा गाव लवंगा घेऊन आला.

पुढच्या पावसाळ्यात मी दर रविवारी गावी. भाऊंनी त्या वर्षी काकडी लावलीच नाही, कारण विचारलं तर म्हणाले, "जागाच नोती." आमच्या मांडवावर पहिला वेल हिरवा, त्याच्या पलीकडचा हिरवा. बाई माझ्याशी बोलेनाशी झाली. आणि मग कोपऱ्यातल्या वेलावर पान बाजूला सारलं, तर पांढरी. मी अशी आरोळी ठोकली की ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या चिमणीनं धूर परत गिळला.

बाईनं ती तोडली, पदराला पुसली. पुसताना मान थोडी कलली, थेट आईसारखी. मीठ न लावता तिनं घास घेतला. डोळे मिटून कितीतरी वेळ चावत राहिली. जंगलातून परतणाऱ्या गुरांच्या घंटा जवळ आल्या, पुढे निघून गेल्या, तरी ती चावतच होती. खोटं कशाला सांगू, एवढ्या वेळात ऊस संपला असता.

"आईचीच हाये ना, बाई?" मी विचारलं.

तिनं उरलेली अर्धी माझ्या हातावर ठेवली.

"काकडी हाये," ती म्हणाली.