कौलांवरचा राखणदार

आमचं घर तळ्याच्या भिंतीखाली होतं. वडील पाटकरी. तळ्याचं पाणी पाटाला सोडायचं आणि कुणी चोरून रानाला घेतंय का ते दिवसभर पायी हिंडून बघायचं, हे त्यांचं काम. घर सरकारी होतं. सरकारनं चार भिंती बांधून वर नळीची कौलं ठेवली होती. ठेवलीच होती, बसवली नव्हती. पुढं पाटाचं पाणी, मागं जांभूळ, करंज, चिंचांची दाट राई. म्हसवडच्या उघड्या माळावरून आलेला माणूस ती सावली बघून म्हणायचा, "सुखात हायसा गड्या." त्याला एक दिवस आमच्या घरात ठेवायला हवं होतं.

राईत माकडांची टोळी होती. चाळीसेक असतील. ती कौलं उचलून आत उतरायची, कणगीतली ज्वारी खायची, खाऊन उरलेलीवर मुतायची. लढाईचे दिवस. धान्य रेशनवर, आणि छपराला घालायला पत्रा तर पाहायलाही मिळत नव्हता. एका पावसाळ्यात आम्ही लागोपाठ पाच दिवस पाथरीची भाजी नुसती उकडून खाल्ली. आई एकदा चुलीपाशी एकटी असताना तिनं एका दांडग्या नराला फुंकणीनं हाणलं, तर त्यानं तिचा उजवा हात चावून फोडला. दोन बोटं कायमची आखडली. पुढं ती डाव्या हातानं भाकरी थापायची. भाकरी वेडीवाकडी व्हायची आणि वडील तिला तेही बोलून दाखवायचे.

आईचा हात गेल्यापासून राखण माझ्याकडं आली. मॅट्रिकचं वर्ष मी आढ्यावर बसून काढलं. मांडीवर पुस्तक, हातात गोफण. शाळेत परीक्षेपुरता गेलो आणि पास झालो. आमच्या वस्तीत दहा घरं होती, पाटकऱ्यांची आणि भोयांची. त्यांतल्या एकालाही स्वतःची सही येत नव्हती. हेडमास्तरांनी सांगलीच्या कॉलेजात आणि बोर्डिंगात माझी सोय लावून दिली. मी घरी येऊन सांगितलं. वडील पायताण काढत होते.

"जा की," ते म्हणाले. "पर कौलांवर कोण बसणार? तुजा हेडमास्तर?"

"आई दगड मारंल."

"त्या हातानं? तिला ताटातली माशी हाकलंना."

आई ऐकत होती.

कॉलेज जूनमध्ये सुरू होणार होतं. तोवर माकडं गेली तर मी जाणार, नाहीतर जन्मभर आढ्यावर. इतकं ते सरळ होतं.

शेजारी एक म्हातारा भोई राहायचा. तळ्यात जाळी टाकायचा आणि दिवसभर सगळ्यांची टिंगल करायचा. मला वर बसलेला बघून रोज हाक मारायचा, "काय म्हणतंय कालिज? मास्तर लय तांबड्या तोंडाचं हायती न्हवं?" एक दिवस मी खाली उतरून त्याला विचारलं, "आवं, तुमी एवढं हसताय, तर उपाय सांगा की."

तो म्हणाला, "मारायचं न्हाई. मारुतीचं जनावर हाय, पाप लागंल. एक धरायचं, तोंडाला चुना फासायचा, गळ्यात घंटा बांधायची आन् सोडायचं. ते आपल्या माणसांकडं पळतंय. माणसं त्याला भिऊन पळत्यात. ते आनखी मागं पळतंय. टोळी मुलूख सोडती बग."

"आन् त्याचं काय होतंय?"

"त्याचं तुला काय? तुला सांगलीला जायचंय का त्याला?"

शेरडांच्या रिकाम्या खोपटात मी उकडलेल्या शेंगा पसरल्या आणि दाराला दोरी लावून लपून बसलो. तिसऱ्या दिवशी एक वयात आलेली मादी आत शिरली. दार ओढलं. म्हाताऱ्यानं जाळं टाकलं. आम्ही दोघांनी तिला गुडघ्याखाली दाबलं. तिनं माझ्या दंडाचा लचका घेतला, मी तिच्या तोंडावर मूठ मारली. चुना तिच्या डोळ्यांत गेला. वडिलांच्या जुन्या बैलाची घंटा होती, ती मी तिच्या गळ्यात चामड्याच्या वादीनं बांधली. बैलाची वादी बांधतात तशीच, भिजवून. ओली वादी गाठीला घट्ट बसते. गाठ मी स्वतः मारली आणि म्हातारा म्हणाला, "झ्याक."

सोडल्याबरोबर ती राईत गेली. आधी घंटा ऐकू आली, मग चाळीस माकडांचा आरडाओरडा. तीन दिवस तो आवाज तळ्याभोवती फिरत होता, पुढं घाबरलेली टोळी, मागं ती. चौथ्या दिवशी टोळी डोंगर ओलांडून गेली. वस्तीनं मारुतीला नारळ फोडला. वडील पहिल्यांदा मला म्हणाले, "डोस्कं हाय तुला."

आठवड्यानं घंटा परत आली. एकटीच. ती आमच्या जांभळाखाली बसली होती आणि हलत नव्हती. एक डोळा बंद. बैलाची मान जाड, कातडं राठ, त्यावर वादी वाळली तरी त्याला काही होत नाही. हिच्या गळ्यात ती वाळून आत रुतली होती. गिळता येत नव्हतं. जखमेत अळ्या होत्या. ओली वादी वाळताना आकसते हे आम्हां दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. जन्मभर बैलांच्याच गळ्यात बांधलेल्या.

आई म्हणाली, "काप ती वादी."

मी कोयती आणली. म्हाताऱ्यानं हात धरला. "घंटा काडलीस तर टोळी म्हागारी येती. हिला घाबरूनच गेल्यात माकडं."

"मरंल ती."

"मग मरू देऊ नगं. वर बांद."

वडिलांनी म्हाताऱ्याकडं बघितलं, मग कौलांकडं. दोघंही हसायला लागले. मला उमगायला थोडा वेळ लागला. उमगल्यावर मीही हसलो.

वादी कापली. आईनं डाव्या हातानं अळ्या वेचल्या, हळद आणि तेल भरलं. ज्या जातीनं तिचा हात घेतला, त्याच जातीचं जनावर मांडीवर घेऊन ती हे करत होती आणि तोंडानं त्याला शिव्या देत होती, "रांडं, माजी बोटं ग्वाड लागली न्हवं तुला?" जखम भरल्यावर घंटा सैल दोरीत अडकवली. कमरेला साखळी घातली आणि साखळीचं दुसरं टोक आढ्याला खिळलं. मी जिथं पुस्तक घेऊन बसायचो, बरोबर तिथं. ऊन लागलं की ती जागा बदलायची, घंटा वाजायची, आणि राईतली पानंसुद्धा हलायची नाहीत.

शनिवारी वस्तीतल्या बाया यायच्या. मारुतीला तेल घालून झालं की येताना आमच्या घरावर दोन शेंगदाणे फेकायच्या आणि हात जोडायच्या. साखळीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मारलं तर नव्हतंच ना कुणी.

जूनमध्ये मी सांगलीला निघालो. आई वाटेवर उभी होती. म्हणाली, "वर बगू नगं, सरळ जा." मी वर बघितलं. माकडीण आमच्याकडं पाठ करून डोंगराकडं तोंड करून बसली होती.

बोर्डिंगातल्या पोरांना मी ही गोष्ट विनोद म्हणून सांगायचो. "माझ्या जागी बदली माणूस ठेवून आलोय," म्हटलं की सगळे खो खो हसायचे. एकानं विचारलं, "त्याला खायला कोण देतं?" मी म्हणालो, "माझ्या वाटणीची भाकरी." ते खरंच होतं.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात, माझ्या परीक्षेच्या दिवसांत, ती कौलांवर मेली. दिवसभर वर पाणी द्यायचं राहून गेलं होतं. वस्तीनं तिला तिरडीवर ठेवलं, गुलाल टाकला, हलगी लावून मिरवत नेलं आणि तळ्याकाठी पुरलं. घरातलं माणूस म्हणून कुणीतरी केस उतरवून डोकं करायचं असतं. वडिलांचा निरोप आला, तू ये, हा मान तुझा. मी उलट कळवलं, पेपर आहेत, येत नाही. डोकं वडिलांनी केलं. दहाव्याला वस्तीनं गोड जेवण घातलं.

टोळी परत आली नाही. लढाई संपल्यावर पत्रा मिळायला लागला, तेव्हा वडिलांनी कौलं उतरवली. आणखी दोन वर्षांनी मी बी. ए. झालो. आमच्या घराण्यातला आणि त्या दहा घरांतला पहिला.