अंगठा हलेपर्यंत

नव्वदच्या सुमारास मी जळगावात ऑपरेशनसाठी भूल देण्याचं काम करायचे. माझ्याकडे एक छोटी डबी होती. पेशंटच्या मनगटाला तिच्या तारा लावून हलका झटका दिला, की अंगठा आत ओढला जायचा. स्नायू ढिले करणारं औषध किती उतरलंय ते त्यावरून कळे. अंगठा निपचित असला, की श्वासही आम्हीच द्यायचा. त्या डबीचा मला कोण अभिमान!

पाचोऱ्याकडची एक बाई अडली म्हणून आणली. सिझेरियन करावं लागलं. एरवी काही मिनिटांत उतरणारं ते स्नायूंचं औषध त्या दिवशी उतरेचना. कापसावर फवारणीचे दिवस होते आणि ही भरल्या दिवसांची बाई शेतात फवाऱ्याचं औषध कालवत होती. ते विष अंगात भिनलं की आमचं औषध रेंगाळतं. मी श्वासाचा फुगा दाबत राहिले.

मूल मेलेलंच निघालं. आमच्या थिएटरात तोंडावर मास्क असायचे, तोंडं मात्र बंद नसायची.

"मुलगा होता हो," सर्जन म्हणाले. "सासूला सांगा. हिला इतक्यात कळू देऊ नका."

तिच्या मिटल्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी ओघळलं. भूल कमी पडली होती.

"गप्प बसा सगळे!" मी ओरडले आणि भूल वाढवली. पण बोलायचं ते बोलून झालं होतं. अंगठा अजून निपचितच होता. ती डबी स्नायूंचं सांगायची, कानांचं नाही. त्या क्षणी ती उचलून फेकून द्यावीशी वाटली मला.

संध्याकाळी बाई स्वतः श्वास घेऊ लागली. दुसऱ्या दिवशी मी तिला बघायला गेले, तेव्हा सासू उशाशी बसली होती. "बाळ काचनी पेटीमा शे, बेटा. बठ्ठं बरं शे," असं सगळं ठीक असल्याचं सांगून ती पाणी आणायला गेली.

सुनेनं माझा हात धरला.

"बाई, मी बठ्ठं ऐकं. आत्याले सांगू नका. ती बाहेर जाईसन रडस, मन्हापुढे हासस."

तेवढ्यात सासू तांब्या घेऊन आत आली. डोळे पुसलेले, चेहरा हसरा. म्हणाली, पोरानं आता डोळे उघडले.

"कोनासारखा दिसस, आत्या?" सुनेनं विचारलं.

"तुन्हासारखाच," म्हातारी म्हणाली.