हेल्गाने शिकवलेली हाक

आधीच सांगते, मी नर्स आहे. शवागाराशेजारच्या वॉर्डात ड्युट्या केल्यात, कधी काही दिसलं नाही. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मीच सगळ्यांची टर उडवायचे. तेव्हा 'ताई, झोप पूर्ण करा' अशा कमेंट टाकायची तसदी घेऊ नका... झोपून पण बघितलंय!

आमचं गाव कर्जत तालुक्यात. नोकरीसाठी जर्मनीला जायचं म्हणून मी जर्मन शिकतेय. आई गेल्यावर ऑनलाइन एक पार्टनर मिळाली — हेल्गा, जर्मनीतली रिटायर्ड शिक्षिका, पुस्तकांवरून आधीच थोडं मराठी शिकलेली. अर्धा तास ती मला जर्मन शिकवते, अर्धा तास मी तिला मराठी. रेंज फक्त गोठ्याच्या दारात, म्हणून शिकवणी तिथेच, शेणाच्या वासात.

आई गेली आणि तिच्या चंद्री गाईने हळूहळू चाराच सोडला. जनावरांचे डॉक्टर दोनदा येऊन गेले, आजार काहीच नाही म्हणे. आईची एक हाक होती, ती ऐकल्याशिवाय चंद्री वैरणीला तोंड लावायची नाही. जिभेने टकटक, मग घशातून लांब हुंकार, आणि शेवटी 'ये गं माझे बाय'. मला ती कधी जमली नाही. आई हसायची, "जर्मन बोलतीस, आन् गाईला बोलवाया येईना व्हय गं?"

त्या दिवशी चंद्री उठेचना. दादा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर डोकं धरून बसले. "न्हाई वाचायची आता. तुझ्या आईमागं चालली."

मी कॉल लावला खरा, पण लक्ष कुठलं लागतंय! तेवढ्यात हेल्गा तिच्या पुस्तकी मराठीत म्हणाली, "तुमच्या मागे कोण बसल्या आहेत? त्या मला काही शिकवत आहेत."

मी गर्रकन वळले. चंद्री, दावं, गव्हाण... बाकी कुणी नाही.

आणि मोबाईलमधून हेल्गाचा आवाज आला — टकटक. हुंकार. ये गं माझे बाय.

चंद्री धडपडत उठली आणि मोबाईलच चाटायला लागली. दादा धावत आले. "कोन बोललं? आगं, कोन बोललं?" मी मोबाईलकडे बोट दाखवलं.

हेल्गा मात्र शांत. "आता तुम्ही म्हणा." मी म्हटलं. "नाही. घशातून. त्या हसत आहेत तुम्हाला." मी रडत रडत परत म्हटलं, परत चुकले, परत म्हटलं. चंद्रीने वैरणीत तोंड घातलं. हेल्गा म्हणाली, "त्या म्हणतात, आता आलं."

आईचा आवाज कुठेही रेकॉर्ड केलेला नाही. हेल्गाला मी आईचा फोटोसुद्धा दाखवला नव्हता. नंतर दाखवला, तर म्हणाली, "हो, ह्याच." तिला त्यात काही विशेष वाटलं नाही, घरातलंच कुणी असेल असं समजली होती ती.

चंद्री आता धडधाकट आहे. माझा व्हिसा आलाय. दादांना रोज हाक शिकवते, त्यांना जमत नाही, माझा जीव थाऱ्यावर नाही. कॉल लावला की आधी स्क्रीनवर माझ्या मागे बघते. कुणी नसतं.

हे काय होतं, कसं झालं, मला खरंच माहीत नाही. पण राग येतो हो. आई माझ्या पाठीशी हातभर अंतरावर बसली होती, आणि दिसली ती सातासमुद्रापारच्या बाईला. मला का नाही दिसली?