मुकादमीण आन महाडचं तळं

महाडच्या चवदार तळ्यावर पोचलं की समद्या बाया पायरीवर चपला काढायच्या. मुकादमीण तिथंच खेकसायची, "घाला गं चपला! देऊळ न्हाई हे. पानी प्यायचा हक्क मागायला लोकं लढली, ती जागा हाय. बघा आन ध्यानात ठिवा." सोता चपलेसकट खाली उतरायची.

ती काय खरी मुकादम न्हवती. आमच्यासारखीच ऊस तोडायची. पर मुकादम जसा दारोदार फिरून टोळी गोळा करतो, तशी ती उसाचा हंगाम सरून कारखाना बंद झाला की तळं दाखवायला बाया गोळा करायची. "शाळंची पोरं सहलीला जात्यात, आपुन कावून न्हाई? आपली शाळा तर कोयत्यानं खाल्ली," म्हनायची. टेंपो भरला की निघाली.

ती वस्तीवरली, आमी गावातले कोरडवाहू शेतकरी. उसाच्या फडावर मातर आमच्या पाचटाच्या कोप्या शेजारी. गाडी भरताना माझा नवरा मोळीसकट वरून पडला, जागीच गेला. तवा माझ्या वाटचा ऊस तिनं तोडला, मला रडू दिलं. तिथं पान्याचं टिपाड एक, गिलास एक. गावात आलं की ती माझ्या दारात पायरीवर बसायची आन वरून वतलेलं पानी वंजळीनं प्यायची. तोंड पुसत म्हनायची, "फडावर एक टिपाड, गावात दोन कावून गं?"

"रीत हाय बाई."

"रीतीचा मुकादम कोन, त्याचं नाव सांग."

दोन सालामागं मी बी तिच्यासंगं गेले. घाटात ओकून ओकून जीव गेला. तळ्यावर, गंगेचं आनत्यात तसं, मी बाटली भराया लागले. तिनं हिसकली. "नेऊन देव्हाऱ्यात ठिवशील, हळद-कुकू वाहशील. हितंच पी."

"शेवाळ हाय गं. पोट बिघडंल."

"बिघडू दे. हक्कानं बिघडंल."

प्याले. मंग तिनं सांगितलं. हितं गुरंढोरं पानी प्यायची, पर तिच्या लोकांना बंदी. एक दिवस ती लोकं एकजुटीनं आली, प्याली. त्यांना मारलं, आन मागून तळ्यात शेन-गोमूत्र वतून तळं शुद्ध केलं. ढोर प्यालं तर चालतंय, आन मानूस प्याला तर ढोराचंच मूत वतायचं?

"लई जुनं असंल," मी म्हनलं. ती पायऱ्या चढाया लागली.

घरी आल्यावर मीच तिचा हात धरला. "चल मधी. च्या पी." आजवर ती उंबऱ्याच्या आत आली न्हवती. चुलीपशी बसली, कपानं च्या प्याली, गेली. लेक खाटंवर मोबाईल बघत व्हता. कालेजात शिकलेला. ती गल्ली वळली न्हाई तोवर उठला आन खाटंखालच्या बाटलीतलं गोमूत्र चुलीपशी शिंपडलं. मंग मला म्हनला, "आई, तू बी उलीसं अंगावर घे."

नवरा गेला तवा बी अशी सुन्न झाले न्हवते.

तशीच तिच्या घरी गेले, सांगितलं. ती जवारी पाखडत व्हती. हात थांबला न्हाई तिचा. "मी उंबरा वलांडला तवाच त्यानं ती बाटली खाटंखाली सरकवली. बघितलं मी."

"मंग बसलीस कावून?"

"तू बोलावलंतंस."

त्याच दिशी मी माझी चूल पडवीत मांडली. लेकाला म्हनलं, तुपलं घर शुद्ध राहू दे. तवापासून आमचा दोघींचा च्या तिथंच. वाऱ्यानं जाळ विझायचा तवा मुकादमीण हसायची, "तुला बी वस्तीवर आनलं बघ मी!"

मी थकले, फड सोडला. तिनं न्हाई सोडला. औंदा तिथं ताप भरला, तरी खाडा नको म्हनून कोयता घेऊन गेली. गावात आनली ती मेलेलीच.

तिच्या मातीवरून येऊन पडवीत बसलते. लेक पुढं आला. लई मऊ बोलला. "आई, ती तर गेली. आता मधी ये ऱ्हायला."

म्हनजे ह्यो तिच्या मरायची वाट बघत व्हता! मी त्याच्या तोंडाकडं बघतच राहिले. पोटचा लेक, वळखू येईना.

आता कारखाना बंद झालाय. वस्तीवरल्या बाया इचारत्यात, औंदा टेंपो कोन नेनार? मी सांगितलंय, माझ्या पडवीतून निघंल.